बोट सरळ ठेवणारा माणूस

स्लॅलम वॉटरस्कीइंगमध्ये जिंकणाराही शेवटी हुकतो. खेळाची रचनाच तशी आहे. मोटरबोट आखलेल्या रस्त्याने सरळ जाते, तिच्यामागे दोरीचा दांडा धरून खेळाडू एकाच स्कीवर उभा असतो आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना आळीपाळीने लावलेल्या सहा बोयांना, म्हणजे तरंगत्या गोळ्यांना, त्याला बाहेरून वळसा घालायचा असतो. सहाही घेतले की बोटीचा वेग वाढवतात. वेग नियमातल्या कमाल मर्यादेला पोचला की दोरी आखूड करतात. पुन्हा सहा घेतले की आणखी आखूड. हे कुठवर? तर चुकेपर्यंत. ज्याचं चुकणं सगळ्यात उशिरा येतं तो विजेता, आणि तोही बहुतेक वेळा पाण्यात पडूनच लोकांना हात दाखवतो.

मी हा खेळ खेळलेलो नाही आणि खेळायची शक्यताही नाही. नागपुरात राहून जमिनी मोजणाऱ्या माणसाचा पाण्याशी संबंध येतो तो नकाशातला नाला जागेवर कुठे आहे हे शोधण्यापुरता. पण रोव्हरच्या, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या आमच्या फिरत्या यंत्राच्या, एका नव्या मॉडेलची माहिती पाहत असताना एक व्हिडिओ समोर आला. तळ्याच्या काठावर तिपाईवर बेस, म्हणजे त्याचा स्थिर जोडीदार, उभा, आणि बोटीवर अँटेना. हीच जोडी घेऊन मी काटोल-कळमेश्वरकडच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, उन्हातान्हात फिरतो. ती बोटीवर काय करून राहिली हे पाहायला गेलो आणि त्यात रुतलो.

रुतायला वेळही अशी जुळली की विचारू नका. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, कॅलवे गार्डन्स नावाच्या ठिकाणी रॉबिन लेक हे तळं आहे. तिथे १९५९पासून मास्टर्स ही स्पर्धा भरते, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे ऐन नवतप्यात, उन्हाळ्याच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. त्यांची दुपार होते तेव्हा आपल्याकडे रात्र झालेली असते. कूलर ओलावा फेकतो, गारवा नाही. अंथरूण तव्यासारखं नसलं तरी त्याच वाटेवर असतं. झोप येणं शक्य नसतं. बाबांनाही येत नाही. ते साखळी आणि फलकयंत्राच्या जमान्यातले मोजणीदार. सुरुवातीला ते नुसते पाणी पाहायला बसले. पुढे माझ्यापेक्षा जास्त प्रश्न तेच विचारायला लागले.

कोर्सचे आकडे मी त्यांना वाचून दाखवले. एकूण लांबी २५९ मीटर. आत शिरायच्या फाटकापासून २७ मीटरवर पहिला बोया, मग दर ४१ मीटरवर एकेक, आणि सहाव्यानंतर पुन्हा २७ मीटरवर बाहेर पडायचं फाटक. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर बाजूला. बाबांनी बोटांवर बेरीज केली, जुळली. मग म्हणाले, ‘‘पान्यावर खुना टिकतेत कशा बे? हालत नाईत का?’’

प्रश्न अस्सल मोजणीदाराचा होता. जमिनीवरचे दगड हलतात तर पाण्यावरचे गोळे का नाही हलणार! उत्तर असं की बोये पाण्याखाली ताणून बांधलेल्या सांगाड्याला किंवा तळाशी टाकलेल्या वजनांना अडकवलेले असतात, आणि ज्या स्पर्धेतला विक्रम मान्य व्हावा असं आयोजकांना वाटतं तिथल्या कोर्सचं रीतसर सर्वेक्षण करून घ्यावं लागतं. काठावर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, लावून, प्रत्येक बोया जागेवर आहे की नाही हे तपासून. म्हणजे त्या रंगीत झगमगाटाच्या आधी आमच्यासारखाच कुणीतरी टोपी घालून चिखलात उभा राहून गेलेला असतो. हे कळल्यावर बाबांचा त्या खेळावर विश्वास बसला.

दोरीची गंमत याहून मोठी. पहिली लांबी १८.२५ मीटर. मग १६, १४.२५, १३, १२, ११.२५, १०.७५, १०.२५, ९.७५. प्रत्येक तुकड्याचा रंग वेगळा, म्हणजे बोटीतल्या माणसाला घाईत कुठला फास अडकवायचा ते लगेच कळतं. आता हिशेब करा. बोया मधल्या रेषेपासून ११.५ मीटरवर. दोरी बोटीच्या मधोमध असलेल्या खांबाला बांधलेली. ती ११.२५ झाली त्या क्षणी दोरी बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर खेळाडूने स्वतःच्या देहाने भरून काढायचं: एक हात पूर्ण ताणलेला, अंग जवळजवळ पाण्याला टेकलेलं, आणि पायाखालची स्की बोयाच्या पलीकडून फिरवायची. अमेरिकेच्या नेट स्मिथने २०१३ मध्ये ९.७५ मीटरच्या दोरीवर अडीच बोये घेतले. अर्धा बोया म्हणजे काय, असं बाबांनी विचारलंच. वळसा घालून किती परत आला त्यावरून पाव, अर्धा, पूर्ण असे गुण धरतात. ‘‘आनेवारीच झाली मंग,’’ बाबा म्हणाले. त्यांच्या काळची शंकू साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब, साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा. त्यांच्या डोक्यात आजही जग सोळा आण्यांचं आहे.

हे सगळं होतं किती वेळात? पुरुषांसाठी कमाल वेग ताशी ५८ किलोमीटर, स्त्रियांसाठी ५५. ५८च्या वेगाने बोट २५९ मीटर १६.०८ सेकंदांत पार करते. दोन बोयांमध्ये अडीच सेकंद. तेवढ्यात खेळाडू एका बाजूच्या बोयावर वळतो, दोरी ताणून बोटीमागची फेसाळ लाट कापत दुसऱ्या बाजूला जातो, आणि तिथे पुन्हा वळायची तयारी करतो. लाट कापताना तो बोटीपेक्षा कितीतरी वेगात असतो. ज्वारी राखताना गोफण फिरवणाऱ्याला हे लगेच समजेल: दगडाचा वेग हाताच्या वेगाहून वेगळा असतो, आणि दोरी जितकी आखूड तितकं सगळं अंगावर लवकर येतं. फरक इतकाच की इथे दगडालाच ठरवायचं असतं कुठे वळायचं ते.

इथवर मी खेळाडूच पाहत होतो. सगळेच तेच पाहतात. पण गोफणीत दुसरं टोक असतं.

खेळाडू दोरीला लटकून आडवा ओढतो तेव्हा बोटीवर त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भार येतो. दीडेक टनाची बोट त्या ओढीने मंदावते. तो वळायला लागला की दोरी सैल होते आणि बोट मोकळी होऊन पुढे सुटते. एका फेरीत हे पुन्हा पुन्हा होतं. आता वेग कायम ठेवायचा तर ओढ सुरू होताच इंजिनाला बळ द्यायला हवं आणि ओढ संपताच काढून घ्यायला हवं. एक दशांश सेकंदाची चूक झाली तर बोट ठरलेल्या जागेपासून दीड मीटरहून जास्त मागे-पुढे असते. दोरीचे शेवटचे टप्पे अर्ध्या अर्ध्या मीटरचे, आणि वेळेतली एवढीशी गफलत दीड मीटरची!

पूर्वी हे सगळं ड्रायव्हर हाताने करायचा. डावा हात सुकाणूवर, उजवा थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करणाऱ्या दांड्यावर, डोळे पुढे, आणि पाठीमागे काय चाललंय ते कमरेला येणाऱ्या हिसक्यावरून ओळखायचं. वेळ स्टॉपवॉचवर घेत. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. आणि त्यांच्याबद्दल शंका घेणाऱ्यांबद्दलही सहानुभूती वाटते. हातानं दिलेल्या बळात थोडं प्रेम मिसळलं तर ते कुणाला दिसणार? एकाच तळ्यावर लहानपणापासून ज्याला शिकताना पाहिलं तो मुलगा मागे दोरीला आहे आणि शेवटचा बोया राहिला आहे. हात थोडा हलका होणारच. हेतू लागत नाही त्याला.

नव्वदच्या दशकात कॅनडातून परफेक्ट पास नावाचं यंत्र आलं. इंजिनाचे फेरे आणि पाण्यात फिरणारं छोटं चक्र यांवरून ते वेग सांभाळायचं, आणि वेळ घेण्यासाठी कोर्समधल्या बोयांजवळ लोहचुंबक लावत. बोट वरून गेली की यंत्राला कळे. पुढे उपग्रहावर चालणारं झिरो ऑफ आलं आणि मोठ्या स्पर्धांमध्ये थ्रॉटल माणसाच्या हातातून गेलं ते गेलंच. ड्रायव्हर आता वेगाचा आकडा भरतो आणि लिव्हर पुढे ढकलतो. बाकीचं यंत्र बघतं.

इथे माझ्या ओळखीतले सगळे अडतात. ‘मोबाइलचा जीपीएस मला शेजारच्या गल्लीत दाखवतो, आणि बोटीला दशांश सेकंद कळतो?’ प्रश्न रास्त आहे, पण जागा सांगणं आणि वेग सांगणं ही दोन वेगळी कामं आहेत. उपग्रह वीस हजार किलोमीटरवरून एकाच ठरावीक सुराची लहर पाठवतो. आपण हललो की त्या सुरात बारीक फरक पडतो. त्या फरकावरून वेग काढता येतो, सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या बारकाईने, आणि त्यासाठी आपण नेमके कुठे आहोत हे तितकं काटेकोर माहीत असावं लागत नाही. मे २००० पर्यंत अमेरिकेने सामान्यांसाठीच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळलेली होती; ती काढल्यावर असली यंत्रं बनवणं सोपं झालं. आम्हा मोजणीवाल्यांचे दिवसही त्यानंतरच पालटले.

झिरो ऑफमधली एक गोष्ट मला अजून पुरती पचलेली नाही. यंत्राने वेग सांभाळायचा हे ठरलं, पण कसा? ओढ आल्या आल्या बळ द्यायचं की थोडं थांबून? एकदम द्यायचं की हळूहळू? त्यासाठी अक्षर आणि आकडा असतो. ए, बी, सी यांतलं अक्षर म्हणजे यंत्राने केव्हा जागं व्हायचं. एक, दोन, तीन म्हणजे किती जोर लावायचा. ए-१ सगळ्यात मऊ, सी-३ सगळ्यात कडक. खेळाडू पाण्यात उतरण्याआधी आपलं अक्षर-आकडा सांगतो. हाताने चालवणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरची ओढ वेगळी असणार: कुणी शांत, कुणी उतावळा, कुणी समजूतदार. त्या सगळ्या माणसांचे मिळून नऊ स्वभाव केले आणि डब्यात भरले. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर हा न्याय आहे. ज्याला जो स्वभाव मानवतो तो त्याने घ्यावा, कुठल्याही देशात, कुठल्याही तळ्यावर तोच मिळेल. तरी मला त्या नवांच्या बाहेरचा एखादा म्हातारा ड्रायव्हर आठवत राहतो, ज्याला मी पाहिलेलंही नाही.

थ्रॉटल गेलं. सुकाणू राहिलं.

आणि खरा घोळ सुकाणूत आहे. बोटीसाठी मधोमध जो रस्ता आखलेला असतो त्याची रुंदी २.३ मीटर. बोट त्यातून जाते तेव्हा बाजूला वीतभरही मोकळी जागा दिसत नाही. खेळाडू डावीकडे ओढतो, बोट डावीकडे सरकते. ड्रायव्हरने उजवीकडे दाब द्यायचा, पण अडीच सेकंदांत ओढ उजवीकडे होणार असते, म्हणून तो दाब आधीच सोडायचा. उशीर झाला की बोट नागमोडी चालते. समजा बोट बोयाच्या बाजूला वीस-पंचवीस सेंटिमीटर सरकली. डोळ्याला कळणारही नाही. पण खेळाडूसाठी दोरी तेवढीच लांब झाली. ११.२५ वरून १०.७५ वर येताना अर्धा मीटर कमी होतो, त्यातला अर्धा ड्रायव्हरने नकळत परत दिला. आणि बोट उलट बाजूला सरकली तर तेवढाच हिरावून घेतला. ज्या खेळात पाव बोयावर निकाल लागतो तिथे हे लहान नाही.

यावर जुना उपाय म्हणजे कोर्सच्या टोकाला कॅमेरा. बोट समोरून येताना मधल्या रेषेवर आहे का, ते पंच चित्रफितीत पाहतात. नवा उपाय तो, ज्यामुळे मी इथे पोचलो: शुअरपाथ नावाची प्रणाली. काठावर बेस, बोटीवर रोव्हर. प्रत्येक बोयापाशी बोट मधल्या रेषेपासून किती सेंटिमीटर, कुठल्या बाजूला, हे आकड्यात. फेरी संपताच समोर.

तंत्र आमच्याच शेतातलं आहे. बेस एका ठाऊक जागेवर स्थिर बसतो. तो आणि फिरता रोव्हर एकाच वेळी तेच उपग्रह ऐकतात, म्हणून हवेतून येताना लहरींत जी चूक घुसते ती दोघांच्या कानी जवळजवळ सारखीच पडते आणि वजा होऊन जाते. मग लहरींची लांबीच फुटपट्टी होते. ती एकोणीस सेंटिमीटरची, आणि तिचाही अंश मोजता येतो. किती पूर्ण लहरी मधे आहेत हे यंत्राने ठरवलं की पडद्यावर ‘फिक्स’ येतो. ठरत नसेल तर ‘फ्लोट’. संत्र्याच्या जुन्या बागेत, पानांच्या दाट छायेत, रोव्हर फ्लोटमध्ये जाऊन बसतो आणि शेतमालक माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. तळ्यावर ती कटकट नाही. वर सगळं आभाळ उघडं. हेवा वाटावा असं काम.

शेतमालक तोंडाकडे पाहतो, हे मी सहज लिहिलं, पण बाबांचा सगळा जन्म त्यात गेला. धुऱ्याची मोजणी म्हणजे दोन्हीकडचे लोक जमणार, आणि साखळी कोण धरतो, ताण किती देतो, दगडाच्या कुठल्या कोपऱ्यावर टोक टेकवतो, यावर दहा डोळे. दुपारी चहा कुणाच्या घरचा घ्यायचा हा तांत्रिक प्रश्न असायचा. बाबा डबा आणि पाणी घरून न्यायचे आणि बाभळीखाली एकटे जेवायचे. ‘‘ज्याचा चा पेला त्याच्या कडे धुरा सरकला, असं म्हनतेत लोक. न सरकता म्हनतेत,’’ ते मला सांगत. आता दोन्हीकडचे लोक माझ्याकडे कमी आणि पडद्याकडे जास्त पाहतात. मी चहा कुणाचाही पितो. ही केवढी मोकळीक आहे ते बाबांच्या पिढीलाच कळेल.

म्हणून बोटीच्या ड्रायव्हरला आकडे दाखवणारं यंत्र आलं तेव्हा तो चिडला असेल असं मला वाटत नाही. उलट सुटला असेल. प्रेमाचा आरोपही त्याच्यावर उरला नाही, रागाचाही नाही. अमुक बोयापाशी सहा सेंटिमीटर डावीकडे, बस्स. त्याला शिकायलाही त्यातूनच मिळतं, कारण आपला हात कुठे ढिला पडतो हे आजवर त्याला स्वतःलाही कळत नव्हतं.

मोजण्याचा हा सोस नागपूरला नवा नाही. आमच्या झिरो माइलच्या आवारात, चार घोड्यांच्या त्या खांबापाशी, ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची खूण आहे; लोक सेल्फी घोड्यांसोबत काढतात. हे सर्वेक्षण ज्याने सुरू केलं तो विल्यम लॅम्बटन नागपूरकडे येता येता हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी वारला. त्याची कबर तिथेच आहे. बाबांनी मला लहानपणी ती दाखवली होती, देवदर्शनाला न्यावं तशा गांभीर्याने. १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजताना लॅम्बटनने शंभर फुटांची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत ठेवून, वर तंबू धरून पुढे सरकवली. उन्हाने पोलाद वाढतं आणि मोजमाप खोटं पडतं म्हणून. साखळीला सावली देणारा माणूस! नवतप्यात हे वाक्य लिहिताना मला त्याच्याबद्दल निराळीच आपुलकी वाटते. स्कीची दोरीही ताण देऊनच मोजतात. सैल दोरीची लांबी ही लांबीच नव्हे, हे त्यांनाही ठाऊक आहे.

बोट सरळ ठेवणं प्रत्यक्षात किती कठीण हे पाहावं म्हणून मी रामटेकजवळच्या खिंडसीला गेलो. नागपुरातल्या अंबाझरी किंवा फुटाळा तलावाच्या काठावर बसून नजरेने २५९ मीटर मोजून झाले होते. कोर्स मावेल की नाही हा प्रश्न नाहीच. बोटीला वेग घ्यायला आणि वळायला दोन्ही टोकांना मोकळं पाणी लागतं, लाटा काठावर आपटून परत येऊ नयेत असा उतरता काठ लागतो. म्हणूनच या खेळासाठी परदेशात लांबट, अरुंद तळी मुद्दाम खोदतात. ते असो. खिंडसीला मोटरबोट चालवणाऱ्या एका दादांना मी विचारलं, सरळ न्यायची तर कशाकडे पाहता?

‘‘पान्याकडे नाही पाहाचं,’’ ते म्हणाले. ‘‘पान्याकडे पाहालं की बोट भटकते. तिकडचं एक झाड धरून ठेवाचं.’’

आम्ही झेंडे लावून रेषा काढतो तेव्हा हेच करतो. जवळच्या झेंड्याकडे पाहिलं की रेषा वाकते. दूरचा झेंडा धरायचा. मी त्यांना म्हटलं की अमेरिकेत हेच काम करणाऱ्याच्या बोटीवर आता उपग्रहाचं यंत्र बसवलंय, आणि बोट वीतभर हलली तरी कळतं. त्यांनी थोडा विचार केला आणि विचारलं, ‘‘कळून मंग काय करतेत? पगार कापतेत?’’ मला हसू आलं. पण प्रश्न तोच आहे, आणि तो मी घेऊनच परतलो.

कारण मोजल्यानंतरची पायरी उघड आहे. बोट किती सरकली हे सेंटिमीटरमध्ये कळत असेल, तर ती परत रेषेवर आणायला माणूस कशाला? उपग्रहाच्या आधाराने आपोआप सरळ तास काढणारे ट्रॅक्टर मोठ्या शेतीच्या देशांत कधीचे चालतात. तंत्र तयार आहे. बोटीच्या सुकाणूला एक मोटर जोडली की झालं.

मी बाबांशी यावर भांडलो. माझं म्हणणं, मोजू द्या यंत्राला, पण चालवू द्या माणसाला. मोजण्याने संशय जातो. संशय गेला की उरतं ते निव्वळ कसब, आणि ते पाहण्यासारखं असतं. दोन सेंटिमीटरच्या आत फेरी काढणारा ड्रायव्हर हा त्या तळ्यावरचा दुसरा खेळाडू आहे. बोट यंत्राने रेषेवर ठेवली तर एक खेळाडू कमी होईल.

बाबांना हे मुळीच पटलं नाही. ‘‘थ्रॉटल गेलं तवा तुले काही वाटलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘त्यालेई हातच लागे ना? कसब कोनाचं पाहाचं हाय तुले, मागच्याचं का पुढच्याचं? मागचा पोरगा बिचारा बारा महिने घासते आन् त्याचा बोया पुढच्याच्या हातावर ठरते. तुह्या मजेसाठी त्यानं कायले आपली दोर दुसऱ्याच्या मनगटाले बांधाची?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं असं नाही. होतं, पण ते कच्चं होतं. मी म्हटलं की मागच्याची दोरी कुणाच्या तरी मनगटाला बांधलेली असणं हाच तर या खेळाचा गाभा आहे. एकट्याने पाण्यावर उभं राहताच येत नाही. १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युएलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा दोन फळ्या पायांना बांधून पहिल्यांदा पाण्यावर उभा राहिला, तेव्हाही पुढे बोट चालवणारा कुणीतरी होताच. बाबा म्हणाले, ‘‘नाव सांग त्याचं.’’ मला सांगता आलं नाही, कारण वाचलं तिथे ते नव्हतं. (पुढे शोधलं तेव्हा कळलं की त्याचा भाऊ बोट चालवत होता. घरातलाच माणूस, म्हणजे बाबांच्या हिशेबाने पहिल्या दिवसापासूनच चहा एका बाजूचा.)

आता आम्ही फेरी पाहतो ती दोन जागांवर नजर ठेवून. मी बोटीच्या नाकाकडे पाहतो, बाबा खेळाडूकडे. त्यांना स्त्रियांची फेरी जास्त आवडते. ताशी ५५ ला वळणं अधिक स्वच्छ दिसतात असं त्यांचं मत आहे, आणि ते खोडून काढण्याइतकं मला कळत नाही. मला मेलबर्नची मूम्बा मास्टर्स आवडते, मार्चमधली. ती तळ्यावर नसून शहराच्या मधोमध वाहणाऱ्या यारा नदीवर होते. गढूळ पाणी, प्रवाह, वाऱ्याने आलेला पालापाचोळा, काठावर गर्दी. तिथे बोट सरळ ठेवणाऱ्याचा कस लागतो. बाबा म्हणतात ती स्पर्धाच खोटी, अशा पाण्यावर मोजणी कायम करता येत नाही.

यंदाच्या मास्टर्सच्या आधी त्यांनी वहीत रेघा मारून ठेवल्या आहेत. एका रकान्यात दोरीची लांबी, दुसऱ्यात बोये, पाव-अर्ध्यासकट. तिसरा रकाना मी आखायला सांगितला होता, बोट किती सरकली याचा. प्रक्षेपणात तो आकडा प्रत्येक वेळी दाखवत नाहीत. बाबांनी रकाना आखला आहे, पण अरुंद.